'पर्यावरणवाद हा नवा धर्म' : ही उपमा कुठे चालते, कुठे मोडते?

टिपकागद

पर्यावरणावर कुठलाही धागा निघाला की दहाव्या प्रतिसादाच्या आत कुणीतरी 'हा नवा धर्मच झालाय' असं लिहून मोकळं होतं. या वाक्याची सगळ्यात गाजलेली आवृत्ती म्हणजे कादंबरीकार मायकेल क्रायटन यांचं सप्टेंबर २००३ मधलं सॅन फ्रान्सिस्कोचं भाषण. त्यांची जुळणी अशी: माणूस निसर्गाशी एकरूप होता तो काळ म्हणजे नंदनवन, प्रदूषण म्हणजे पतन, उधळपट्टी म्हणजे पाप, पुढे निवाड्याचा दिवस, शाश्वत जीवनशैली हा मोक्ष आणि सेंद्रिय अन्न हा प्रसाद.

मला ही जुळणी पटत नाही, पण पूर्ण उडवूनही लावता येत नाही. एक तर सांगाडा सरळ ख्रिस्ती आहे. आपल्याकडे पतनाची कथा नाही, प्रलयसुद्धा फेऱ्याने येतो. दुसरं म्हणजे 'पर्यावरणवाद' या एकाच पोत्यात वातावरणाचं भौतिकशास्त्र, कापडी पिशवी, जीवामृत आणि गणपती विसर्जन असं सगळं कोंबलेलं आहे.

म्हणून तीन कसोट्या लावून बघू. दावा चुकलाय हे कोणत्या आकड्यावरून कळेल? चुकल्याचं कळल्यावर नियम बदलतो का? आणि कृती केल्याचं समाधान व कृतीचा परिणाम वेगवेगळे मोजता येतात का? एकेक उदाहरण घ्या आणि हिशेब मांडा. 'आमच्या सोसायटीत' छापाचे किस्से कृपया नकोत.

खडीसाखर

चिवडा घेऊन बसले आहे. तुकोबांचा तो अभंग कितव्या प्रतिसादात येतो यावर पैज.

अर्धविराम

क्रायटन यांच्या त्याच भाषणातलं डीडीटी या कीटकनाशकाचं घ्या. डीडीटीने कर्करोग होत नाही, पक्षी मेले नाहीत, बंदी घातली म्हणून हिवतापाने माणसं मेली, असं क्रायटन ठासून म्हणाले होते. अंधश्रद्धेवरच्या भाषणातला हा भागच तपासायला सोपा आहे.

अमेरिकेने १९७२ साली बंदी घातली ती मुख्यतः शेतीवापरावर. २००१ च्या स्टॉकहोम करारातही रोगवाहक कीटकांसाठी डीडीटीला सवलत आहे. भारताने शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला, पण आरोग्यखात्यासाठी वर्षाला १०,००० टनांपर्यंतची मुभा ठेवली. आपल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात ते बनतही होतं. म्हणजे भारतात फवारणी कधी बंदच झाली नव्हती.

आता आकडे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. फवारणीने १९६० च्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाख! बंदी नसताना. डासांत आलेला प्रतिकार, त्यात शेतावरच्या फवारणीचा हात, आणि ढिली पडलेली यंत्रणा. घराच्या भिंतीवर चौरस मीटरला १ ग्रॅम हे प्रमाण. तेच रसायन शेतावर ओतलं की डासांच्या पिढ्या त्यातच वाढतात आणि भिंतीवरचा ग्रॅम निकामी होतो. शेतीवरची बंदी हिवतापाच्या कामाला पूरकच होती.

पक्ष्यांचं म्हणाल तर डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात, हे कवचं मोजून दाखवलेलं आहे.

दशमग्रह

एका चुकीच्या उदाहरणावरून अख्खी उपमा बाद होत नाही. भविष्यवाणीकडे बघा की. जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १९६८ साली लिहिलं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेने मरणार. तसं झालं नाही. मग अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांच्याशी १९८० मध्ये पैज: तांबं, क्रोमियम, निकेल, कथील, टंगस्टन, प्रत्येकी २०० डॉलरचं. दहा वर्षांत महागाई वजा जाता भाव चढले तर फरक सायमन देणार, उतरले तर एर्लिक. १९९० मध्ये पाचही उतरले आणि एर्लिकनी ५७६.०७ डॉलरचा धनादेश पाठवला. मत मात्र बदललं नाही. प्रलयाची तारीख पुढे ढकलणारे बाबा आपण पाहिलेत. फरक दाखवा.

बाष्पीभवन

फरक दाखवतो. आधी पैजेचं: पाच धातूंच्या भावांवरून पर्यावरणाचं काहीच कळत नाही. दहा वर्षांची खिडकी १९८० ऐवजी दुसरीकडे सरकवली तर विसाव्या शतकातल्या बऱ्याच खिडक्यांत एर्लिक जिंकले असते. सायमनही नशीबवान होते. पण एर्लिकनी मत बदललं नाही हा तुमचा मुद्दा मान्य, दुसऱ्या कसोटीवर ते नापास.

आता ओझोन. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी फ्रीजमधले सीएफसी वायू ओझोनचा थर कसा खातात ते मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची घट ब्रिटिश केंद्राच्या जमिनीवरच्या उपकरणात दिसली, १९८७ मध्ये हे वायू कमी करण्याचा माँट्रियल करार झाला. २०२२ च्या मूल्यांकनानुसार १९८० ची पातळी बहुतेक जगावर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास परत येईल. 'कुठे गेलं ते ओझोनचं भोक' असं विचारणाऱ्यांनी इथे थांबावं. प्रलय आला नाही कारण फ्रीजमधला वायू बदलला.

त्याहून बोलकी गोष्ट २०१८ ची. त्यातल्याच सीएफसी-११ या वायूची हवेतली घट अपेक्षेपेक्षा मंद झाल्याचं मोजमापात दिसलं. कुणीतरी करार मोडून वायू सोडत होतं. वाऱ्यांच्या दिशेवरून माग काढत २०१९ मध्ये बोट पूर्व चीनवर आलं आणि नंतर उत्सर्जन खाली आलं. पापाची नोंद चित्रगुप्ताकडे नव्हती, यंत्रात होती.

तापमानवाढीचंही तसंच. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये कर्बवायू दशलक्षात ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर. उष्णता सूर्यामुळे वाढली असती तर वरचा स्थितांबरही तापला असता, पण तो थंड होतोय. कर्बवायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचा स्वीडिश शास्त्रज्ञ अर्‍हेनियसचा १८९६ चा अंदाज ५ ते ६ अंश होता, आज सर्वोत्तम अंदाज ३ आहे. धर्मग्रंथातला आकडा असा खाली येतो का?

वकिली_खाक्या

थोडं अवांतर, पण धाग्याच्या नावाशी थेट संबंध आहे. इंग्लंडात हा प्रश्न खरोखर न्यायासनापुढे गेला होता. टिम निकल्सन विरुद्ध ग्रेंजर ही मालमत्ता कंपनी, नोव्हेंबर २००९, रोजगार अपील न्यायाधिकरण. नोकरीवरून काढलेल्या निकल्सन यांचं म्हणणं होतं की हवामानबदलावरच्या माझ्या निष्ठेमुळे भेदभाव झाला. न्या. मायकेल बर्टन यांनी ठरवलं की धर्म-श्रद्धा नियमांखाली ही 'तात्त्विक श्रद्धा' धरता येईल.

निकष पाच: श्रद्धा मनापासूनची हवी, उपलब्ध माहितीवर बेतलेलं नुसतं मत नको, मानवी जीवनाच्या वजनदार अंगाशी संबंध हवा, गांभीर्य आणि सुसंगती हवी, लोकशाहीत आदर करण्याजोगी हवी. दुसरा निकष पुन्हा वाचा. नोकरीचं संरक्षण हवं तर 'हे नुसतं आजच्या पुराव्यावरचं मत नाही' असं सांगावं लागतं! अर्थात श्रद्धेचा पाया विज्ञानात असला तरी चालतो, हेही न्यायमूर्तींनी नमूद केलं. म्हणजे 'धर्म आहे' असं त्यांनी म्हटलंच नाही, संरक्षण धर्माइतकं असं म्हटलं.

गंमत म्हणजे याच न्यायमूर्तींनी २००७ मध्ये अ‍ॅल गोर यांच्या तापमानवाढीवरच्या माहितीपटाबद्दलच्या खटल्यात नऊ चुका दाखवल्या होत्या, शास्त्रीय गाभा ढोबळमानाने बरोबर असल्याचं म्हणूनसुद्धा.

खडीसाखर

म्हणजे ५ जूनची धार्मिक सुट्टी मागता येईल का? ऐच्छिक रजेच्या यादीत जागा आहे.

कोरडवाहू

पोथी, गुरू आणि शुद्धाशुद्ध तिन्ही एकत्र बघायचं असेल तर नैसर्गिक शेतीतलं जीवामृत. एकरी कृती सगळ्यांना पाठ आहे: देशी गाईचं शेण १० किलो, गोमूत्र १० लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो, बांधावरची मूठभर माती, पाणी २०० लिटर. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं.

आता यातला नत्र मोजा. ताज्या शेणात अर्धा टक्का धरला तर ५० ग्रॅम. गोमूत्रात १ टक्का, १०० ग्रॅम. बेसनात प्रथिनं २२ टक्के, त्याला ६.२५ ने भागलं की साडेतीन टक्के नत्र, म्हणजे ७० ग्रॅम. एकूण २२० ग्रॅम. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस, म्हणजे एकरी ४८ किलो. महिन्यातून दोनदा, चार महिने दिलं तरी पावणेदोन किलो होतो. बाकीचे ४६ किलो कुठून आणणार?

त्यात जर्सीचं शेण चालणार नाही म्हणे. नत्राला गाईची जात विचारावी लागते का?

ओलीमाती

कोरडवाहू भाऊ, गणित बरोबर, पण प्रश्न चुकीचा. जीवामृत हे खत म्हणून दिलेलंच नाही, ते विरजण आहे. किलोभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, तेव्हा 'चमच्यात प्रथिनं किती' असं विचारत नाही. नत्र यायचा तो द्विदल आंतरपिकातून आणि आच्छादन कुजून.

मात्र त्यामुळेच नुसतं जीवामृत ओतून आच्छादन आणि आंतरपीक सोडणाऱ्यांचं पीक पिवळं पडतं. दुसरी चूक अशी की काडीकचरा नत्राशिवाय मातीत गाडतात. गव्हाच्या काडात कर्ब-नत्र गुणोत्तर ८० च्या आसपास, कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि काही आठवडे पिकाला उपास घडतो. काडं वरच पसरावीत, गाडू नयेत. गाईच्या जातीबद्दल माझा हट्ट नाही.

कोरडवाहू

विरजण मान्य. पण दूध आणा ना आधी! हलक्या कोरडवाहू जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली. तिथे कशाचं दही लावणार? आणि एकरभर आच्छादनाला काही टन काडं लागतात, ती बहुतेक वेळा जनावरांच्या तोंडची असतात.

दशमग्रह

याचा राष्ट्रीय प्रयोग होऊन गेलाय. श्रीलंकेत २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली, नोव्हेंबरात निर्णय मागे. तांदळाचं उत्पादन पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २० टक्क्यांनी घटलं. ही श्रद्धाच होती.

बाष्पीभवन

तिजोरीत डॉलर नव्हते हे विसरलात. खतांचं आयातबिल वाचवायचं होतं, त्याला हिरवी शाल पांघरली.

दशमग्रह

शाल विकली गेली याचाच अर्थ काय मग?

वरणफळ

कापडी पिशवी अजून कुणी काढली कशी नाही? डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब केला: साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी साधायला सुती पिशवी हवामानाच्या निकषावर ५२ वेळा वापरावी लागते, सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची तर २०,००० वेळा, कारण उतारा कमी. ब्रिटनच्या २०११ च्या अहवालात सुती पिशवीचा हवामानापुरता आकडा १३१ होता.

आठवड्याला एक बाजार धरला तर ७,१०० म्हणजे १३६ वर्षं. प्रत्येक समारंभात भेट मिळणाऱ्या सुती पिशव्यांचा गठ्ठा ज्यांच्या घरी आहे त्यांनी पुनर्जन्मावर श्रद्धा ठेवावी.

नालेसफाई

वरणफळ ताई, आकडे बरोबर, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर आहेत तो आपला प्रश्न नव्हता. या अभ्यासांत पिशवी वापरून झाली की जाळली जाते किंवा पुरली जाते असं धरलंय. नाल्यात जाणारी पिशवी त्यात नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसाला कुठलीच गटारं पुरली नसती हे खरं, पण पिशव्यांनी तुंबलेल्या जाळ्यांचा मुद्दा ऐरणीवर आला आणि राज्यात ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आली. २०१८ ची मोठी बंदी त्याच वाटेवरची. इथे निकष कर्बवायू नसून जाळीवर अडकणं आहे.

माझी तक्रार वेगळी. बंदीनंतर 'कापडी' म्हणून हातात आली ती बहुतांशी नॉनवोव्हन पिशवी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. ओळखायची पद्धत: काठाचा एक धागा ओढून काडीने पेटवा. सुती असेल तर कागदासारखा जळून भुरभुरीत राख पडते. प्लास्टिक असेल तर धागा आक्रसतो, वितळून टोकाला कडक मणी बनतो आणि मेणबत्तीसारखा वास येतो. सोवळं कापडाचं सांगितलं आणि नेसलं प्लास्टिक, असा प्रकार.

टिपकागद

धाग्यात आतापर्यंतचं सगळ्यात उपयोगी वाक्य नालेसफाईंचं: निकष कोणता ते आधी सांगा. धर्मात निकष सांगावा लागत नाही.

उंबरठा

तुम्ही धर्माला फारच सरसकट घेताय, टिपकागद. देवराई बघा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या भीतीने तुकडे राखले गेले, सुकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही असा नियम. पर्यावरणवाद्यांना यावरून वाटतं की श्रद्धा म्हणजे पूर्वजांनी लिहिलेला जंगल कायदा.

तसं नाही. श्रद्धा देवाला राखते, झाडं सोबत राखली जातात. झाड तोडायचं झालं तर कौल लावायचा: देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून उजवीकडून पडलं की होकार, डावीकडून पडलं की नकार. म्हणजे पळवाट नियमातच आहे. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं ठरलं की खर्चासाठी देवराईतलीच झाडं विकली जातात. श्रद्धा वाढली, राई गेली. देव उघड्यावर राहतो, त्याला छप्पर चालत नाही अशी समजूत असलेल्या राया जास्त टिकतात असा एक तर्क आहे.

इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये उलट दिशेचा मुद्दा मांडला होता: पर्यावरणाच्या अरिष्टाचं मूळ पाश्चात्य ख्रिस्ती विचारात आहे आणि औषध म्हणून प्राणिमात्रांना भावंडं मानणारे संत फ्रान्सिस. १९७९ मध्ये पोपनी फ्रान्सिसना पर्यावरणाचे आश्रयसंत घोषितही केलं. पण नदीला आई म्हणणाऱ्यांनी नदीचं काय केलं ते पाहता हा मुद्दा अर्धाच उरतो.

हिशेबनीस

उपमा सगळ्यात जास्त चिकटते ती कार्बन क्रेडिटला, म्हणजे दुसरीकडे एक टन कर्बवायू वाचवल्याचा जो दाखला विकत घेतात त्याला. मध्ययुगात चर्च पापमुक्तीची पत्रं विकायचं, आता विमानाच्या तिकिटाबरोबर झाड विकतात. मात्र फरक इथेही आहे. पापमुक्तीपत्राचं लेखापरीक्षण शक्य नव्हतं, क्रेडिटचं आहे. चार ठिकाणी बोट ठेवा: पैसे नसते तर हे काम झालंच नसतं का, तुलनेची आधाररेषा फुगवली आहे का, इथली तोड थांबवून शेजारच्या डोंगरावर गेली का, आणि वणवा लागला तर हिशेब कोण भरणार.

गाजलेला घोळ एचएफसी-२३ या तापमान वाढवणाऱ्या वायूचा. एसीतला एचसीएफसी-२२ बनवताना हा वायू टाकाऊ म्हणून निघतो. त्याचा एक टन जाळला की क्योटो करारातल्या यंत्रणेत ११,७०० क्रेडिट. जाळायला खर्च अगदी थोडा, त्यामुळे टाकाऊ वायू हाच मुख्य माल झाला. पुढे नोंदींतून दिसलं की काही कारखान्यांत क्रेडिट मिळत असताना टाकाऊ वायूचं प्रमाण जास्त आणि मिळत नसताना कमी. युरोपने मे २०१३ पासून ही क्रेडिट बंद केली. भारताने २०१६ मध्ये कारखान्यांना हा वायू स्वखर्चाने जाळायला सांगितलं. पापाला भाव दिला की पापाचं उत्पादन वाढतं, एवढंच.

अणुरेणू

आण्विक विजेला विरोध ही मात्र शुद्ध श्रद्धा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाचे २०१४ चे मध्यमान आकडे, प्रति युनिट कर्बवायू: कोळसा ८२० ग्रॅम, छतावरचं सौर ४१, अणू १२, जमिनीवरचा वारा ११. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, कोळसा चालू ठेवून.

नालेसफाई

जर्मनीचं मान्य. पण हेच जैतापूरला चिकटवू नका. तिथले आक्षेप जमीन, मासेमारी, गरम पाण्याचा विसर्ग आणि विजेचा दर यांवर आहेत. चारही मोजता येतात.

शाडूवाला

एवढी चर्चा झाली आणि गणपती राहिले? शाडू पुण्यवान, पीओपी पापी असं समीकरण झालंय. शाडू पाण्यात विरघळत नाही, नुसता सुटतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. पीओपी थोडा विरघळतो, पण लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम. एक किलोच्या मूर्तीला ४०० लिटर पाणी हवं. म्हणून बादलीत ती महिनाभर तशीच दिसते. विषारीपणा विचाराल तर आधी रंग बघा: शिसं, क्रोमियम, कॅडमियमवाले रंग शाडूच्या मूर्तीवरही विषारीच. शाडूवर ऑइलपेंट फासून 'इकोफ्रेंडली' चिठ्ठी लावली की झालं.

खडीसाखर

मग पुण्यात पालिका वाटते ती पावडर? घरी करायची तर प्रमाण काय? (हो, मी गंभीर प्रश्न विचारू शकते.)

शाडूवाला

ती अमोनियम बायकार्बोनेट. पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. घट्ट झालेल्या १ किलो पीओपीला रसायनशास्त्राने ९२० ग्रॅम लागते. थोडी उडून जाते, म्हणून सव्वा ते दीड किलो घ्या. प्लास्टिकच्या बादलीत मूर्ती बुडेल इतकं, १० ते १२ लिटर पाणी. पावडर विरघळवून मूर्ती ठेवा. पृष्ठभागावर खडूचा थर बसतो आणि क्रिया थांबते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा हलवून थर झाडायचा. दोन-तीन दिवस लागतात. कर्बवायूचे बुडबुडे आणि अमोनियाचा वास येतो, त्यामुळे बादली गच्चीत किंवा अंगणात, बंद न्हाणीघरात नाही.

शेवटी तळाशी साधारण ५८० ग्रॅम खडू आणि पाण्यात ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट. ते खतच आहे, पण तसंच कुंडीत ओतलं तर मुळं जळतील. एक मग द्रावणाला वीस मग पाणी. तळ्यात किंवा विहिरीत अजिबात नाही, अमोनियाने मासे मरतात.

बिघडतं कुठे: ऑइलपेंट असेल तर पाणी आत शिरत नाही, आधी खरवडा, आणि असल्या रंगाचं पाणी कुंडीलाही नको. पावडर उन्हात उघडी राहिली तर हवेत उडते, पाकीट हलकं लागलं तर घेऊ नका. आणि खाण्याचा सोडा म्हणजे ही पावडर नाही! त्याने सोडियम सल्फेट होतं आणि कुंडीतली माती खारावते.

उंबरठा

आणि विसर्जनाची आरती बादलीपुढे म्हणायची?

शाडूवाला

बादलीपुढेच. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणेपर्यंत बुडबुडे सुरू झालेले असतात.

कोरडवाहू

७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट, २१ टक्के नत्र, म्हणजे १६० ग्रॅम. ओलीमाती ताई, एक किलोचा गणपती तुमच्या एकरभर जीवामृताच्या पाऊण वाटेपर्यंत पोचला की!

ओलीमाती

विरजण हो, विरजण.